उंटांविना बुद्धिबळ

न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९५२ साली ‘मॅनिॲक’ हा संगणक सुरू झाला, तो हायड्रोजन बॉम्बच्या आकडेमोडीसाठी. सेकंदाला सुमारे ११,००० क्रिया करणाऱ्या या यंत्राच्या स्मृतीत एका वेळी जेमतेम १,०२४ आकडे मावत. १९५६ मध्ये पॉल स्टाइन, मार्क वेल्स, स्टॅनिस्लॉ उलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला बुद्धिबळ शिकवायला घेतलं.

वाट क्लॉड शॅननने १९५० मध्ये कागदावर दाखवली होती : ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या चाली तपासा, शेवटच्या स्थितीला गुण द्या, सर्वांत चांगली चाल निवडा. पण दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चाली पुढचं पाहायचं, आणि प्रत्येक वेळी तीसेक चाली शक्य असतील, तर आठ लाखांवर शक्यता होतात. म्हणून त्यांनी पटच लहान केला. ३६ घरं, दोन्हीकडे सहा-सहा प्यादी, उंट अजिबात नाहीत. किल्लेकोट नाही आणि प्याद्याला सुरुवातीची दोन घरांची उडीही नाही. एवढं छाटूनही एका चालीला सुमारे बारा मिनिटं लागत, म्हणजे ऐंशी लाखांच्या आसपास क्रिया.

ही काटछाट मला फार मोलाची वाटते. खेळातलं काय काढलं तरी तो बुद्धिबळच राहतो, हे ठरवायला खेळ आतून समजावा लागतो. गुण देताना त्यांनी दोनच गोष्टी धरल्या : पटावरचं बळ आणि उपलब्ध चालींची संख्या. शह बसला की राजाच्या बाजूच्या चाली एकदम घटतात, त्यामुळे पहिल्या डावात यंत्र शहाला विलक्षण घाबरलं.

तो डाव यंत्र स्वतःशीच खेळलं. दुसरा एका कसलेल्या खेळाडूशी झाला. त्यानं स्वतःचा वजीर सुरुवातीलाच सोडला होता, तरी तोच जिंकला. तिसऱ्या डावात समोर आठवडाभरापूर्वीच खेळ शिकलेली व्यक्ती होती आणि यंत्रानं २३ चालींत मात केली. प्रतिस्पर्धी नवखा, पट अपुरा. पण बुद्धिबळासारख्या खेळात संगणकानं माणसाला हरवलं होतं.

पुढच्याच वर्षी आयबीएममध्ये ॲलेक्स बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ७०४ या यंत्रावर ६४ घरांचा पूर्ण खेळ उतरवला. तेही चार चालींचीच खोली तपासत, पण छाटणी त्यांनी दुसरीकडे केली : प्रत्येक स्थितीतल्या फक्त सात आश्वासक चाली निवडायच्या, बाकीच्यांकडे पाहायचंच नाही. त्यांचं यंत्र चालीला आठ मिनिटं घेई.