स्वयंरोजगार आणि स्वतःच्या श्रमाचे मोल

उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ही योजना सुरू केली. तिच्या अंतर्गत झाशी जिल्ह्यासाठी कापडी मऊ खेळण्यांची निवड करण्यात आली. कमी भांडवलावर, घरच्या शिलाई यंत्रावर चालणारा हा उद्योग स्वयंरोजगाराचे उत्तम उदाहरण मानता येईल. तथापि, अशा प्रत्येक उद्योगापुढे एक प्रश्न उभा असतो आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. वस्तूच्या किमतीत ती बनविणाऱ्याच्या श्रमाचे मोल धरलेले असते काय? अर्थशास्त्र, राष्ट्रीय सांख्यिकी आणि सामाजिक धोरण या तिन्ही दृष्टींनी हा प्रश्न महत्त्वाचा असल्याने स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

स्वयंरोजगार : व्याप्ती आणि व्याख्या

आपल्या देशात नोकरदारांपेक्षा स्वयंरोजगारितांची संख्या अधिक आहे. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार (जुलै २०२३ ते जून २०२४) एकूण काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के व्यक्ती स्वयंरोजगारित होत्या. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के होते.

या सर्वेक्षणात स्वयंरोजगारितांचे तीन प्रकार केले जातात. मजूर न लावता स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय करणारे, मजूर लावून व्यवसाय करणारे मालक आणि कौटुंबिक व्यवसायात मदत करणारे घरातील सदस्य. पहिल्या दोन प्रकारांत मिळून ३९ टक्के, तर तिसऱ्या प्रकारात १९.४ टक्के कामकरी होते. तिसऱ्या प्रकारातील व्यक्तींना कोणतेही नियमित वेतन मिळत नाही. त्यांच्या श्रमाचे फळ कुटुंबाच्या एकत्रित मिळकतीत मिसळून जाते. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रिया याच प्रकारात मोडतात, हे विशेष लक्षात घ्यावे.

मजुरी आणि नफा यांची गल्लत

नोकरदाराला वेतन मिळते आणि उद्योजकाला नफा. स्वयंरोजगारित व्यक्तीच्या बाबतीत ही दोन्ही उत्पन्ने एकाच हातात पडतात, त्यामुळे त्यांतील सीमारेषा पुसली जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही अशा उत्पन्नाला ‘संमिश्र उत्पन्न’ असे वेगळे नाव दिलेले आहे, कारण त्यातील श्रमाचा मोबदला किती आणि भांडवलावरील परतावा किती, हे वेगळे करून सांगता येत नाही. संख्याशास्त्रज्ञापुढे असलेली ही अडचण प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यासाठी मात्र नुकसानीचे कारण ठरते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

झाशी शहरातील प्रेम नगर या वस्तीत राहणारी एखादी गृहिणी घरी कापडी अस्वले शिवते, असे समजू. एका अस्वलासाठी लवदार कापड, भरण, दोरा व डोळे मिळून ११० रुपयांचा माल लागतो आणि ठोक व्यापारी ते १५० रुपयांना घेतो. तिच्या दृष्टीने प्रत्येक नगामागे ४० रुपये नफा आहे. दिवसाला चार नग झाले, की १६० रुपये सुटतात.

आता हाच हिशेब पूर्ण मांडू. वीज आणि यंत्राचा घसारा यांपोटी नगामागे ४ रुपये धरले, तर उरतात ३६ रुपये. बेतणे, शिवणे, भरणे आणि हाताने टाके घालणे यांस नगामागे ९० मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा माल आणणे आणि तयार खेळणी पोहोचविणे यांत चार तास जातात. आठवड्याच्या २४ नगांवर ते विभागले, तर प्रत्येकी आणखी १० मिनिटे होतात. म्हणजे १०० मिनिटांच्या श्रमाला ३६ रुपये, अर्थात तासाला २१ रुपये ६० पैसे पडले.

हेच काम तिने दुसऱ्याच्या कारखान्यात केले असते, तर आठ तासांचे ४०० रुपये, म्हणजे तासाला ५० रुपये मिळाले असते, असे धरू. हा तिच्या वेळेचा ‘संधी खर्च’ होय. त्या दराने नगामागील श्रमाचे मोल ८३ रुपये होते आणि एकूण उत्पादन खर्च १९७ रुपयांवर जातो. १५० रुपयांना विकलेल्या प्रत्येक नगावर तिला ४७ रुपयांचा तोटा होत आहे. हा तोटा वहीत दिसत नाही, कारण तो तिने स्वतःच्या श्रमातून भरून काढलेला असतो. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक खेळण्यामागे ती व्यापाऱ्याला आणि ग्राहकाला ४७ रुपयांचे अनुदान देत आहे.

रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी १९२० च्या दशकात शेतकरी कुटुंबांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना हीच प्रवृत्ती दाखवून दिली होती. मजूर लावणारा उद्योजक मजुरीइतकेही उत्पन्न निघत नसेल, तर उत्पादन थांबवितो. कुटुंबाच्या श्रमावर चालणारा व्यवसाय मात्र गरज भागेपर्यंत कष्ट वाढवीत जातो. यास ‘स्व-शोषण’ असे म्हटले जाते.

शेतीच्या हिशेबातून मिळणारा धडा

कुटुंबाच्या श्रमाला किंमत लावणे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्यक्षात शासन स्वतः अनेक वर्षे हे काम करीत आले आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकांच्या उत्पादन खर्चाच्या निरनिराळ्या संकल्पना वापरतो. ‘ए२’ मध्ये बियाणे, खते, मजुरी इत्यादींवरील प्रत्यक्ष खर्च येतो. ‘ए२ अधिक एफएल’ मध्ये कुटुंबातील सदस्यांनी केलेल्या विनावेतन श्रमाचे अनुमानित मूल्य मिळविले जाते. ‘सी२’ मध्ये स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले जाते. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किमान आधारभूत किंमत उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याचे जाहीर झाले, तेव्हा ‘ए२ अधिक एफएल’ हा खर्च आधार मानण्यात आला. शेतकरी संघटनांनी मात्र ‘सी२’ चा आग्रह धरला. वाद कोणता खर्च धरावा याविषयी आहे, कुटुंबाच्या श्रमाला मोल असते याविषयी नाही. जे तत्त्व शेतकऱ्याच्या गव्हाला लागू आहे, ते शिंपी, सुतार, खानावळ चालविणारी स्त्री किंवा शिकवणी घेणारा पदवीधर यांनाही लागू व्हावयास हवे.

मोजमापाचे महत्त्व बुंदेलखंडातील दुग्धव्यवसायातही दिसते. झाशी येथे मुख्यालय असलेली ‘बलिनी दूध उत्पादक कंपनी’ २०१९ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासद महिला आहेत. दुधातील स्निग्धांश मोजून त्यानुसार दर ठरतो आणि रक्कम सभासदाच्या बँक खात्यात जमा होते. दुधाचे प्रमाण आणि प्रत यंत्रावर नोंदली गेली, की अंदाजाने भाव पाडण्यास वाव उरत नाही. घरी शिवलेल्या खेळण्यामागील तास मोजणारे असे कोणतेही यंत्र नाही. ती नोंद करणाऱ्यालाच ठेवावी लागते.

घरकाम आणि व्यवसाय यांची सरमिसळ झाल्याने ही नोंद अधिक कठीण होते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. स्वयंपाकाच्या मधल्या वेळात केलेली शिलाई ‘फावल्या वेळेतील काम’ समजली जाते आणि फावल्या वेळेला कोणी दाम देत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

श्रमाचे मोल ओळखण्याची प्रक्रिया वहीपासून सुरू होऊन संघटनेपर्यंत कशी पोहोचते, याची बोलकी उदाहरणे महाराष्ट्रात आढळतात. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत असत. पहाटेपासून राबणाऱ्या या स्त्रियांचे काम घरातील स्वयंपाकाचाच विस्तार मानले गेल्याने बँकांच्या दृष्टीने तो व्यवसायच नव्हता आणि भांडवलासाठी त्यांना सावकाराकडे जावे लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन झाले आणि या स्त्रियांना बँकांची दारे उघडली. त्यांच्या हातचे जेवण पूर्वीचेच होते, परंतु आता त्याला उद्योग म्हणून मान्यता मिळाली.

पुण्यातील कचरावेचक स्त्रियांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. कचरा वेचणे हे भिकेचे नव्हे, तर उत्पादक काम आहे, ही तिची मूळ भूमिका होती. २००१ च्या एका अभ्यासात या श्रमाचा हिशेब मांडण्यात आला. प्रत्येक कचरावेचक व्यक्ती दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम नगरपालिकेला विनामोबदला देत असल्याचे त्यातून दिसून आले. हा आकडा हाती आल्यावर मागणीचे स्वरूपच बदलले. दयेच्या जागी केलेल्या सेवेचा मोबदला मागितला जाऊ लागला. पुणे महानगरपालिकेने पुढे त्यांच्यासाठी आरोग्य विमा लागू केला. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला आणि घरोघरी कचरा गोळा करण्याबद्दल नागरिकांकडून सेवाशुल्क घेण्याची पद्धत रूढ झाली.

अहमदाबादच्या ‘सेवा’ या संघटनेलाही १९७२ मध्ये अशाच समजुतीशी झगडावे लागले. स्वयंरोजगारित स्त्रियांना मालक नाही, मग त्यांची कामगार संघटना कशी असू शकेल, असा आक्षेप नोंदणीच्या वेळी घेण्यात आला. संघटना मालकाविरुद्धच असते असे नाही, कामगारांच्या एकजुटीसाठीही ती असते, अशी बाजू इला भट्ट यांनी मांडली आणि नोंदणी मिळविली.

कायदा आणि शासकीय योजना

किमान वेतनाचे संरक्षण १९४८ च्या कायद्याने नोकरीतील कामगारांना दिले. २०१९ ची वेतन संहिताही मालक आणि कर्मचारी या नात्यावरच उभी आहे. जो स्वतःच स्वतःचा मालक आहे, त्याला किमान वेतन देण्यास कोणीही बांधील नाही. म्हणूनच इतर उपायांचे महत्त्व वाढते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. या तरतुदीचा लाभ घेण्यासाठी उद्योगाची नोंदणी महत्त्वाची ठरते. जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी पद्धत अमलात आली, तर अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी २०२३ मध्ये ‘उद्यम असिस्ट’ मंच सुरू झाला.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत शिंपी तसेच पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनविणारे कारागीर आहेत. ५ टक्के सवलतीच्या व्याजदराने पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन अशी तिची रचना आहे. प्रशिक्षणाला येणाऱ्या कारागिराचा दिवस बुडतो आणि त्या दिवसाला किंमत असते, हे या विद्यावेतनामागील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे.

मर्यादा आणि मार्ग

श्रमाचे मोल कळले म्हणजे ते लगेच मिळेल, असे मात्र नाही. प्रेम नगरच्या आपल्या काल्पनिक गृहिणीने उद्या १९७ रुपये मागितले, तर व्यापारी दुसऱ्या घरी जाईल. तिच्यासारख्या अनेकजणी ११० रुपयांचा खर्च आणि १५० रुपयांची किंमत एवढेच पाहत असतील, तर एकटीचा हिशेब तिला बाजाराबाहेर काढील. भाव पडतात ते अशा परस्पर स्पर्धेमुळेच.

तरीही हिशेब माहीत असल्याने निवड शक्य होते. अनेकजणींनी एकत्र येऊन घाऊक दराने कापड घेतले, तर मालाचा खर्च उतरतो. बेतण्याचे काम एकत्रित केल्यास वेळ वाचतो. बचत गटामार्फत थेट विक्री केल्यास मधला वाटा आपल्याकडे येतो. कोणत्या खेळण्यात तासामागे अधिक पैसे सुटतात, हे पाहून उत्पादन बदलता येते. यांपैकी काहीच जमले नाही, तर हे काम सोडून दुसरे धरावे, हा निर्णयही डोळसपणे घेता येतो. यासाठी कामाचे तास, मालाचा खर्च आणि हाती आलेली रक्कम अशा तीन रकान्यांची एक वही पुरेशी आहे.

समारोप

स्वयंरोजगाराचे मूल्यमापन करताना किती जणांना कर्ज मिळाले आणि किती उद्योग सुरू झाले, हे आकडे सहसा पुढे येतात. त्या उद्योगातून श्रमाच्या प्रत्येक तासाला किती मोबदला सुटतो, हा निकष तितकाच आवश्यक आहे. निम्म्याहून अधिक कामकरी जनता स्वयंरोजगारित असलेल्या देशात रोजगाराची संख्या आणि रोजगाराची प्रत यांतील अंतर याच निकषाने मोजता येईल. स्वतःच्या वेळेला खर्चात स्थान देणारा कारागीर नफ्याचा हिशेब अचूक मांडतो. असे अनेक कारागीर एकत्र आले, म्हणजे मग भाव ठरविण्यातही त्यांना वाटा मागता येतो.