शाळेविना शिकताना – भाग ९ : रोटावेटरमधला र

शाळेत न जाता परीक्षेला बसण्यासाठीच्या सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण लोणखेड्याहून एका ताईंचं पत्र आलंय आणि ते थांबवून ठेवण्यासारखं नाही.

त्या लिहितात, "मालविका जोशीची शाळा सातवीत सुटली. आईने घरीच अभ्यास आखून दिला, २०१६ मध्ये ती एमआयटीला गेली, हे सगळं मी वाचलं. पण तिला वाचता-लिहिता येत होतं ना! माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. दिवसभर आजोबांबरोबर वावरात असतो. ट्रॅक्टरला रोटावेटर कसा जोडतात, पपईची गाडी कशी भरतात, कुठली पपई तोडायला आली, सगळं सांगतो. बाराखडीचं पुस्तक काढलं की पळून जातो. सासूबाई म्हणतात, पोरगं अडाणी राहील. आवड-आवड करत बसलो तर हा वाचायला कधी लागणार?"

जॉन होल्टसारखे लेखक यावर सांगतात की मुलाची वेळ आली की ते आपोआप वाचू लागतं. होल्ट यांचं 'हाऊ चिल्ड्रन लर्न' (१९६७) मला फार आवडतं, मुलांकडे इतक्या बारकाईने बघणारी माणसं थोडी. पण घरात जागोजागी पुस्तकं पडलेली असली तर 'आपोआप' हा शब्द चालतो. आपल्याकडे घरात छापलेलं म्हणजे कॅलेंडर, खताची गोणी आणि लग्नपत्रिका. तिथे मुलाच्या आवडीपर्यंत अक्षरं नेऊन पोचवावी लागतात, आणि ते काम मोठ्यांचं आहे. आवडीमागे जाणं म्हणजे मुलाला मोकळं सोडून आपण बाजूला बसणं, असं मी या मालेत कधीच म्हटलेलं नाही.

ताई, तुमच्यासाठी मी सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांच्याकडे जातो. या न्यूझीलंडच्या शिक्षिका, माओरी मुलांना शिकवायच्या. शाळेतल्या वाचनाच्या पुस्तकांत गोऱ्या, नीटनेटक्या घरांतली मुलं असायची आणि माओरी पोरांचं त्यात लक्ष लागायचं नाही. मग या बाई रोज एकेका मुलाला जवळ घेऊन विचारायच्या, तुला आज कुठला शब्द हवाय? मूल सांगेल तो शब्द जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हातात द्यायच्या. तो पुठ्ठा त्या मुलाचा. दुसऱ्या दिवशी ओळखता आला तर राहिला, नाही आला तर काढून टाकायचा, कारण तो शब्द त्याच्या मनातला नव्हता. मुलं भुताचा शब्द मागायची, भीतीचे, मायेचे शब्द मागायची आणि ते एका नजरेत त्यांच्या डोक्यात बसायचे. १९६३ साली आलेल्या 'टीचर' या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलं आहे. शिकवण्यावरच्या पुस्तकांपैकी एकच ठेवायला सांगितलं तर मी हे ठेवीन.

तर जुन्या लग्नपत्रिका काढा. पाठची कोरी बाजू, जाड मार्कर, आणि मुलाला विचारा. बहुतेक पहिला शब्द 'रोटावेटर' असेल. लांब आहे म्हणून घाबरू नका. नीट बघा त्या शब्दाकडे : रो, टा, वे, ट, र. र दोनदा आलाय, एकदा काना-मात्रा घेऊन, एकदा रिकामा. ट दोनदा आलाय, एकदा कान्यासकट, एकदा बिनकान्याचा. काना आणि मात्रा लागली की आवाज कसा बदलतो, हे बाराखडीच्या तक्त्यावर महिनोन्‌महिने घोकून घेतो ते सगळं त्या एका शब्दात आहे, आणि तो मुलाच्या जिवाभावाचा शब्द आहे. 'पपई' घेतली तर दोन प शेजारी-शेजारी. उसातल्या 'बिबट्या'ला मात्र थोडं थांबवा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर बोलायची, यात मुलं अडखळतात. त्याने हट्टाने मागितला तर नक्की द्या.

इंग्रजीत शब्दाचं अख्खं रूपच लक्षात ठेवायची वेळ बऱ्याचदा येते. आपल्या लिपीत तसं नाही. शब्द लिहून झाला की तो तोडून दाखवायचा, अक्षरं इकडची तिकडे करायची. फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी मुलांच्या वाचनावर वर्षानुवर्षं काम केलं. अक्षरं वर्णमालेच्याच क्रमाने शिकवली पाहिजेत असं नाही, हे त्यांच्या कामातून मला पटलं.

शहाद्याच्या एसटी स्टँडवर पोराला घेऊन जा. बसच्या पाट्या वाचून दाखवू नका, नुसतं उभं राहा. तळोदा आणि शहादा, दोन्हींच्या शेवटी तोच दा आहे. हे त्याचं त्याला दिसेल त्या दिवशी तो वाचायला लागला असं समजा.

आता एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगतो. तुमच्या घरात अहिराणी बोलतात असं पत्राच्या शेवटी ओझरतं आलंय. तो 'मना बाबा वावरमा शे' म्हणाला तर पुठ्ठ्यावर तेच लिहा. 'माझे बाबा शेतात आहेत' असं सुधारून लिहू नका. आपण बोललो तेच कागदावर उमटतं आणि उद्या वाचलं तरी तेच निघतं, हा शोध मुलाला लागायचा असतो. तुम्ही सुधारलंत की कागदावरचं त्याचं राहत नाही. गुजरी बोलणाऱ्या, भिली-पावरी बोलणाऱ्या घरांनाही मी हेच सांगेन. पुस्तकातली मराठी वाचता यायला लागल्यावर येते, अडत नाही.

सासूबाईंना या कामात घ्याच, गोष्टी सांगायला. गिजुभाई बधेका यांचंच बघा. ते मुळात वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं. पुढे ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर होत्या, आणि त्यांनीच नंतर अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरांमागे जातात म्हणून बाईंनी शाळाच कुरणात नेली. गिजुभाईंचा मोठा भर तोंडी गोष्टींवर होता. त्यांनी लोककथा गोळा करून मुलांना सांगितल्या, लिहून ठेवल्या. तुमच्या सासूबाईंना अशा गोष्टी येत असणारच. त्या सांगतील, पोरगा ऐकेल, तुम्ही त्यातली एखादी ओळ लिहून घ्या. रात्री त्याच ओळीवर बोट ठेवून ती त्याला ऐकवा.

शब्द साठले की ते डब्यात ठेवू द्या, मोडू द्या, हरवू द्या. परीक्षा घेऊ नका. आज शब्द नको म्हणाला तर नको.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. सहा पूर्ण झाल्यावर काय करायचं आणि पुढे परीक्षेला कसं बसता येतं, हे सतरा नंबरच्या फॉर्मबरोबर पुढच्या आठवड्यात. तोवर पहिले दहा शब्द कुठले निघाले ते मला कळवा.