पाण्यावरचा हिरवा गालिचा: साल्विनिया नेच्याची कथा आणि व्यथा

नेचा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात विहिरीच्या दगडी काठावर उगवणारी नाजूक, कातरलेल्या पानांची वनस्पती उभी राहते. नेच्यांना फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही. बीजाणूंच्या साहाय्याने त्यांचा वंश पुढे चालतो. बहुतेक नेचे ओलसर सावलीत वाढतात. परंतु काहींनी जमीन सोडून पाण्यात संसार थाटला आहे. अशाच एका नेच्याची ओळख आम्ही आज करून देत आहोत. त्याचे शास्त्रीय नाव साल्विनिया मोलेस्टा. 'मोलेस्टा' या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे त्रासदायक. हे नाव त्याला का मिळाले, हे पुढे दिसेलच.

या नेच्याचे मूळ घर म्हणजे आग्नेय ब्राझील. तेथील संथ नद्या, तळी व पाणथळ जागा यांच्या पृष्ठभागावर तो तरंगत असतो. त्याच्या खोडाच्या प्रत्येक पेरावर तीन पाने येतात. दोन हिरवी पाने पाण्यावर राहतात, तर तिसरे पान पाण्याखाली जाऊन तंतूंसारखे चिरले जाते. पाहणाऱ्यास ती मुळे वाटतात. वस्तुतः या वनस्पतीला खरे मूळच नसते. मुळांचे काम हे तिसरे पानच करते.

वरच्या पानांची रचना तर थक्क करणारी आहे. त्यांवर बारीक केसांची दाट लव असते. प्रत्येक ठिकाणी चार केस वर जाऊन टोकाशी जुळतात आणि अंडे फेटण्याच्या तारेच्या साधनासारखा आकार तयार होतो. केसांचा पृष्ठभाग मेणचट असल्याने पाणी दूर सारतो. टोके मात्र पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे पान बुडाले तरी त्याच्याभोवती हवेचा पातळ थर टिकून राहतो. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी या गुणाचा उलगडा केला. पाण्याशी होणारे घर्षण कमी करणारे लेप जहाजांसाठी बनवता येतील का, याचा शोध त्यावरून सुरू झाला.

या नेच्यात गुणसूत्रांचे पाच संच असतात. विषम संख्येमुळे त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बीजाणू वांझ निघतात. तरीही त्याचे काही अडत नाही. खोडाचा तुटलेला लहानसा तुकडादेखील नवे रोप बनतो. ऊबदार व पोषक द्रव्यांनी युक्त पाण्यात तो काही दिवसांतच दुप्पट होतो. जागा अपुरी पडली की पाने घडी घालून उभी राहतात, थरावर थर चढतात आणि जाड गालिचा तयार होतो. त्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

शोभेची वनस्पती म्हणून आणि अभ्यासासाठी माणसानेच त्याला देशोदेशी नेले. १९३९ मध्ये तो श्रीलंकेत पोहोचला. आफ्रिकेतील झांबेझी नदीवर करिबा धरण बांधल्यावर १९५९ मध्ये तो नव्या जलाशयात दिसला आणि १९६२ पर्यंत त्याने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकले. केरळात तर तो 'आफ्रिकन पायल' या नावानेच ओळखला जाऊ लागला. कुट्टनाडचे कालवे त्याने अडवले आणि भातखाचरे साफ करण्यासाठी शेतकऱ्यांवर मजुरीचा बोजा पडला.

सर्वांत करुण अवस्था झाली ती पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीकाठच्या लोकांची. १९७२ च्या सुमारास तेथे या नेच्याची मोजकीच रोपे आली होती. दशकभरात त्यांनी सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी व्यापले. नदी हाच ज्यांचा रस्ता, त्यांच्या होड्या पुढे सरकेनात. मासेमारी, बाजार, शाळा, दवाखाना सारेच दुरावले. काही वस्त्या ओस पडल्या.

यावर उपाय सापडला, परंतु त्याआधी एक चूक झाली. पूर्वी हा नेचा साल्विनिया ऑरिक्युलाटा या त्याच्याच नात्यातील जातीचा समजला जाई. त्या जातीवरील भुंगेरे आणून काही देशांत सोडले गेले. पण गुण आला नाही. १९७२ मध्ये मिचेल या शास्त्रज्ञाने हा नेचा वेगळा असल्याचे दाखवून त्याला आजचे नाव दिले. पुढे १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांना आग्नेय ब्राझीलमध्ये त्याचे मूळ घर सापडले आणि तेथेच त्याचा खरा शत्रूही भेटला. हा होता जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, काळा, सोंडेचा भुंगेरा. प्रौढ भुंगेरा नेच्याच्या कळ्या खातो, अळी खोड पोखरते. नेचा तपकिरी होऊन बुडतो.

१९८० मध्ये क्वीन्सलँडमधील मूनडारा तलावात हे भुंगेरे सोडण्यात आले आणि पुढील वर्षभरात तलाव जवळजवळ मोकळा झाला. सेपिकवर मात्र भुंगेरे सुरुवातीला वाढेनात, कारण तेथील नेच्यात नत्र कमी होते. तेव्हा संशोधकांनी थोड्या जागेत चक्क युरिया टाकून नेच्यालाच खत घातले! नेचा सकस झाला, भुंगेरे वाढले आणि मग ते सर्वत्र पोहोचवण्यात आले. काही वर्षांतच २५० चौरस किलोमीटरपैकी जेमतेम दोन उरले. केरळातही १९८३-८४ पासून हाच भुंगेरा उपयोगी पडला. अमरावती जिल्ह्याच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील सारणी जलाशयातही २०१९ नंतर त्यानेच पाणी मोकळे केले.

भुंगेऱ्याने नेच्याचा समूळ नाश केला नाही, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. थोडा नेचा उरतो, त्यावर थोडे भुंगेरे जगतात. ब्राझीलमध्ये जो तोल होता, तोच इतरत्र पुन्हा साधला जातो. नेचा मुळात दुष्ट नव्हता. त्याला तोलातून उचलून नेणारे हात माणसाचे होते.

हा नेचा खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. म्हणून खाडीला त्याचे भय नाही. भय आहे ते आपल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांना, विहिरींना आणि वसईतील बावखलांना. जलपर्णीने भरलेली तळी आपण पाहिलीच आहेत. तेव्हा घरातील काचेच्या मत्स्यालयाचे पाणी बदलताना त्यातील वनस्पती तळ्यात, ओढ्यात किंवा गटारात टाकू नयेत. उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात. मुलांनाही याचे कारण समजावून सांगावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सेपिकच्या काठावरील संकटाचा आरंभ मूठभर रोपांनीच झाला होता.