डग्गा माळ्यावरून उतरला

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर एखादी तबल्याची जोडी धूळ खात पडली आहे का? आमच्याकडे होती. मामंजी हौशी तबलजी. महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला वैनगंगेकाठी भजनाला साथ करायचे. पुढे जो तो मोबाइलवरच भजनं ऐकू लागला, मंडळ पांगलं आणि जोडी माळ्यावर गेली.

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत मीच म्हटलं, “देऊन टाकू या का कुणाला?” मामंजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी नातीच्या मोबाइलवर एक भजन लावलं. “सूनबाई, यात डग्गा ऐकू येतो का?” खरंच की, नुसती तबल्याची टिकटिक! एवढ्याशा स्पीकरचा पडदा खर्जाला लागेल तेवढी हवा हलवू शकत नाही. मग त्यांनी डग्गा पुढ्यात घेतला. त्याची शाई मधोमध नसते, एका बाजूला असते. मोकळ्या जागेवर मनगट दाबून सरकवलं की घुमारा चढतो. तो थेट छातीत उतरला! “खर्ज म्हणजे घराचं जोतं,” मामंजी म्हणाले, “दिसत नाही, पण सगळं त्यावरच उभं.” मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

तुमच्याकडे जोडी असेल, तर कोरड्या फडक्याने पुसा, ओला हात लावू नका, ओलीपासून आणि शेगडीच्या धगीपासून दूर ठेवा. गाणी ऐकायला जरा मोठा स्पीकर घ्या, आवाज मात्र बेताचाच.

आता रोज संध्याकाळी लेक तबल्यावर, मामंजी डग्ग्यावर. तेवढा वेळ मी कुकर लावत नाही.