पाण्याकाठची वाट कुणाची?

जपानच्या क्योतो शहरात कालव्याच्या काठाने सुमारे दोन किलोमीटरची पायवाट आहे. तिला ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ म्हणतात. क्योतो विद्यापीठातील विचारवंत निशिदा कितारो चिंतन करीत या वाटेने चालत, म्हणून हे नाव पडले. एका टोकाला गिंकाकुजी हे झेन मंदिर. वसंतात चेरीचा बहर, शरदात मेपलची लाली. भगवान बुद्धांचे चंक्रमण ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना असे चालणे परके वाटणार नाही. परंतु हा कालवा शोभेसाठी खोदलेला नव्हता. बिवा सरोवराचे पाणी शहराच्या उपयोगी पडावे म्हणून तो १८९० साली पूर्ण झाला. पाणी स्वच्छ राखले, म्हणूनच काठावर माणूस रमतो.

आपल्याकडे काय आहे? ठाण्याची तलावपाळी आणि कल्याणचा काळा तलाव संध्याकाळी फिरणाऱ्यांनी फुललेले असतात. त्याच कल्याणातून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी मात्र नाक दाबून चालावे लागते. अंबरनाथ, उल्हासनगरपासूनचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण ती वाहून आणते. २६ जुलै २००५ च्या महापुरात हेच पाणी वस्त्यांत शिरले. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्थानिक स्वराज्य संस्थांना दंडही ठोठावला. मग तलावाला कठडे, दिवे आणि नदीला गटारगंगेचा दर्जा, ही वाटणी कशी झाली? काठावर कोण राहतो, हे पाहून तर नव्हे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यावरचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा एकाच ओळीत आल्या. सुभाषकुमार खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा स्वच्छ काठ मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे.

वस्तीतील तरुणांनी एक काम करावे. माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारावे की, गेल्या पाच वर्षांत तलावांच्या सुशोभीकरणावर किती खर्च झाला आणि वालधुनीच्या काठावर किती? दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून विहाराच्या फळ्यावर लावावेत. पुढची लढाई त्या आकड्यांवरूनच उभी राहील.

जय भीम!