प्रत कोण सांभाळणार?

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूने अमेरिकेतली जिओसिटीज ही सेवा बंद केली आणि लोकांनी वर्षानुवर्षे हौसेने रचलेली लाखो पाने उतरवली गेली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुटला टाळे लावले. तिथल्या मराठी समूहांत रंगलेल्या गप्पा आणि वाद त्यानंतर हाताला लागेनासे झाले. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. घरमालकाने वाडा बंद केला आणि भाडेकरूंचे सामान गेले, इतकेच. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ सालच्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. कागदाला लागलेली वाळवी निदान दिसते.

मालक एकच असल्यामुळे हा धोका निर्माण होतो, तेव्हा मालकच नसलेले कोठार उभारावे, या विचारातून विकेंद्रित साठवणुकीची जाळी जन्मली. त्यांतली आयपीएफएस आणि फाइलकॉइन ही जोडी समजून घेतली, तर या प्रयोगाचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही लक्षात येतात. हुआन बेनेट यांनी स्थापन केलेल्या प्रोटोकॉल लॅब्जने २०१५ मध्ये आयपीएफएस खुले केले. फाइलकॉइनचे मुख्य जाळे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले.

पत्ता जागेचा की मजकुराचा?

नेहमीचा वेबपत्ता जागा सांगतो: अमुक सर्व्हरवरची तमुक फाइल. ग्रंथालयात ‘तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या खणातले पुस्तक’ असे सांगण्यासारखेच हे आहे. कपाट हलले की पुस्तक हरवले. खणात कोणी दुसरेच पुस्तक ठेवले, तर पत्त्यावरून ते कळतही नाही. आयपीएफएसमध्ये पत्ता मजकुरातूनच तयार होतो. एका गणिती प्रक्रियेने फाइलचा एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. वाचक तो ठसा जाळ्यात पुकारतो आणि ज्याच्याकडे प्रत असेल तो ती देतो. आलेल्या प्रतीचा ठसा पुन्हा काढून पाहिला की ती अस्सल आहे की नाही ते ठरते. देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यातले मोल वेगळे सांगायला नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे जवळजवळ अर्धे शतक चालले, ते प्रतीप्रतींमधल्या पाठभेदांमुळेच. दोन प्रती एकच आहेत का, हे ठसा क्षणात सांगतो. मात्र दोहोंतली खरी कोणती, हे तो सांगत नाही. ते काम संपादकाचेच राहते.

एप्रिल २०१७ मध्ये तुर्कस्तानात विकिपीडियावर बंदी आली, तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत आयपीएफएसवर ठेवण्यात आली. बंद करावे असे एकच दार तिला नव्हते.

राखणदारीचा हिशेब

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. आयपीएफएसवर टाकले म्हणजे कायमचे राहिले, असे नाही. एखाद्या संगणकाने फाइल मुद्दाम धरून ठेवली, म्हणजे ‘पिन’ केली, तरच ती टिकते. एरवी जागा लागली की ती झाडून टाकली जाते. शेवटची प्रत गेली की ठसा उरतो आणि मजकूर नाहीसा होतो.

मग धरून कोण ठेवणार? फाइलकॉइनचे उत्तर आहे: ज्याला मोबदला मिळेल तो. साठवणूकदार अनामत ठेवतो, डेटा ३२ किंवा ६४ गिबिबाइटच्या कप्प्यांत विशिष्ट पद्धतीने मोहोरबंद करतो आणि तो अजून आपल्यापाशी आहे याचा गणिती पुरावा दर २४ तासांना जाळ्यापुढे मांडतो. पुरावा चुकला तर दंड भरावा लागतो. पहारेकऱ्याने रोज हजेरी द्यावी, तसेच हे.

योजना चतुर आहे, पण बक्षीस ज्याचे, पीक त्याचेच येते. सुरुवातीला बक्षीस होते ते क्षमतेला. त्यामुळे २०२२ मध्ये जाळ्याची घोषित क्षमता १५ एक्झाबाइटच्या पुढे गेली, परंतु तिचा फार मोठा भाग रिकामा होता. खरा डेटा यावा म्हणून पडताळलेल्या डेटाला दहापट वजन देण्याचा नियम केला गेला. तेव्हा खरा डेटा कोणता, हे ठरवायला माणसे नेमावी लागली! मध्यस्थ नको म्हणून निघालेली वाट अशी पुन्हा मध्यस्थापाशीच आली. पुढे बक्षिसे आटली तशी क्षमताही घसरली.

पुढची वाट

या जाळ्याची पुढची वाटचाल आता साठवण्याकडून वापराकडे वळते आहे. मोहोरबंद कप्पा उघडायला वेळ लागतो. वाचकाला पान चटकन हवे असते. मे २०२५ मध्ये आलेल्या नव्या पुरावापद्धतीत डेटा मोहोरबंद न करताही तो जवळ असल्याची खात्री देता येते. त्यामुळे हे कोठार अडगळीच्या खोलीऐवजी रोजच्या फडताळासारखे वापरता येईल.

तरी मूळ प्रश्न शिल्लक आहेच. फाइलकॉइनवरचे करार मुदतीचे असतात. मुदत संपली की नूतनीकरण कोणीतरी करायचे असते. पैसे थांबले, चलनाचा भाव कोसळला, की पहारेकरी घरी जातो. याउलट स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेला लॉक्स प्रकल्प पाहा. त्यात ग्रंथालये नियतकालिकांच्या प्रती आपापल्याकडे ठेवतात, परस्परांशी ताडून पाहतात आणि बिघडलेली प्रत दुसरीवरून दुरुस्त करतात. तिथे चलन नाही, बक्षीसही नाही. प्रती सांभाळणे हे ग्रंथालयाचे कामच आहे, हीच त्यामागची प्रेरणा.

माझ्या मते उद्याचे टिकाऊ जाळे या दोन्हींच्या संगमातून येईल: ठशाची पडताळणी आयपीएफएसची आणि राखणदारी संस्थांची. मराठीला हे अवघड नाही. तीन-चार ग्रंथालयांनी एकमेकांच्या डिजिटल प्रती पिन कराव्यात. दिवाळी अंकांनी आपल्या डिजिटल प्रतीचा ठसा श्रेयनामावलीच्या पानावर छापावा, म्हणजे पन्नास वर्षांनी सापडलेली प्रत अस्सल आहे की नाही, हे कोणालाही तपासता येईल. एक पथ्य मात्र पाळावे: खासगी पत्रे आणि रोजनिशा अशा जाळ्यावर उघड्या टाकू नयेत. इतरांनी घेतलेली प्रत परत मागता येत नाही.

यंत्र प्रत हुबेहूब आहे हे सांगेल, ती जागेवर आहे हेही सांगेल. ती ठेवावीशी वाटणे मात्र आपल्याकडेच राहते. ज्या मजकुराची कोणाला आस्था उरली नाही, त्याला जगातले कोणतेही जाळे वाचवणार नाही.