विरोधी अर्थविचारांचे वाचन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: प्रतिपक्षाचे अर्थशास्त्र वाचणारा अखेर प्रतिपक्षालाच जाऊन मिळतो.

पुणे असो वा शिकागोलगतचे शॉमबर्ग, मराठी वाचकांत हा समज पुनःपुन्हा डोके वर काढतो. मार्क्स हाती घेणारा साम्यवादी आणि मिल्टन फ्रीडमन हाती घेणारा भांडवलदारांचा हस्तक, असा निवाडा पुस्तक उघडण्याआधीच दिला जातो.

वस्तुस्थिती: ज्या समाजात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने तरी हा समज कवटाळू नये. जॉन मेनार्ड केन्स यांनी 1913 च्या ग्रंथात भारतासाठी सुवर्ण विनिमय परिमाणाचा, म्हणजे देशांतर्गत व्यवहारांत चांदीचे रुपये व नोटा चालवून परदेशी देण्यांसाठी रुपयाचा सोन्याशी ठरावीक दर राखण्याच्या पद्धतीचा, पुरस्कार केला होता. आंबेडकरांनी केन्स यांचे युक्तिवाद बारकाईने वाचले आणि 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांना उत्तर दिले: या पद्धतीत चलनाचा पुरवठा सरकारच्या मर्जीवर राहतो, तो बेसुमार वाढला की रुपयाची क्रयशक्ती घटते, म्हणून रुपयांच्या निर्मितीलाच मर्यादा हवी. या ग्रंथाची प्रस्तावना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि आंबेडकरांच्या बऱ्याचशा टीकेशी असहमत असल्याचे तीत स्पष्ट सांगूनही त्यांच्या विचारांतील ताजेपणाची प्रशंसा केली. वाचणे म्हणजेच मान्य करणे असते, तर आंबेडकरांचा प्रतिवाद आणि कॅनन यांची प्रस्तावना ही दोन्ही लिहिलीच गेली नसती. एवढे ढळढळीत उदाहरण घरात असताना विरोधी पुस्तकाला फितुरी म्हणणे हे अज्ञान आहे, निष्ठा नव्हे.

गैरसमज: शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्र म्हणजे केवळ मुक्त बाजारवाद.
वस्तुस्थिती: समाजवादी नियोजनाचे समर्थक ऑस्कर लांगे 1938 पासून काही वर्षे तिथेच अध्यापन करत होते.

गैरसमज: गरिबांना सरकारी मदत फ्रीडमन यांना अमान्य होती.
वस्तुस्थिती: ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ या 1962 च्या ग्रंथात त्यांनी ऋण प्राप्तिकर, म्हणजे ठरावीक पातळीहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना सरकारनेच रोख रक्कम देण्याची योजना, मांडली.

गैरसमज: ॲडम स्मिथ हे व्यापाऱ्यांचे वकील होते.
वस्तुस्थिती: 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये त्यांनी व्यापाऱ्यांच्या संगनमताविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

गैरसमज: ग्रंथालयाने पुस्तक ठेवले म्हणजे त्यातील मताचा पुरस्कार केला.
वस्तुस्थिती: शिकागोत मुख्यालय असलेल्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 1939 मधील ग्रंथालय-हक्कांच्या जाहीरनाम्याने वादग्रस्त प्रश्नांच्या सर्व बाजूंची पुस्तके ठेवणे हेच ग्रंथालयाचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा शॉमबर्गच्या वाचकाने ग्रंथालयातून आंबेडकरांसोबत केन्स यांचाही ग्रंथ घरी न्यावा. आंबेडकरांचे उत्तर किती नेमके आहे, हे त्याशिवाय पुरते उमगणार नाही.